नाट्य व हालचाल उपचार

मानसिक व भावनिक स्वास्थ्यासाठी अभिनय, भूमिका, गोष्ट, नृत्य आणि साधी अंगहालचाल यांचा हेतुपूर्वक उपयोग करणाऱ्या उपचारपद्धतींचे समूहनाम. सायकोड्रामा ऊर्फ मनोनाट्य (स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग समूहापुढे रंगमंचावर करणे), नाट्योपचार, नृत्य-हालचाल उपचार आणि ब्रिटनमधील सेसमी पद्धती हे त्यांतील मुख्य प्रवाह होत. हौशी नाटकाने किंवा नृत्यवर्गानेही माणूस मोकळा होतो, पण त्याला उपचार म्हणत नाहीत. प्रशिक्षित उपचारक, ठरलेली जागा व वेळ, गोपनीयता आणि प्रेक्षकांपुढे करायच्या प्रयोगाऐवजी सहभागी व्यक्तीत होणाऱ्या बदलाकडे लक्ष, या गोष्टी येथे आवश्यक मानल्या जातात.

या पद्धतींचा उगम नेमका कोठे धरावा याविषयी एकमत नाही. जर्मन वैद्य योहान ख्रिस्तिआन राइल यांनी १८०३ मध्ये मनोरुग्णालयांत रंगमंच असावा अशी सूचना केली होती. त्याच सुमारास पॅरिसजवळच्या शारँतों येथील आश्रयालयात संचालक कुल्मिए यांच्या पाठिंब्याने रुग्णांची नाटके होत. ती बसवणारा कुप्रसिद्ध फ्रेंच लेखक मार्की द साद स्वतःच तेथे कोंडलेला होता. मुख्य वैद्य र्वाये-कोलार यांचा या नाटकांना विरोध होता आणि १८१३ च्या सुमारास ती थांबली. नाटक रुग्णाला शांत करते की आणखी बिथरवते, हा वाद म्हणजे किमान दोन शतकांचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात व्लादिमिर इल्यिन यांनी ‘उपचारात्मक रंगभूमी’चे प्रयोग केले. इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी नाट्योपचार ही संज्ञा रुजवली. ती त्यांनी १९३० च्या दशकापासून वापरली असे सांगतात. त्यांची या विषयावरील पुस्तिका मात्र १९५९ मधील आहे.

मनोनाट्याचा जनक म्हणून याकोब लेव्ही मोरेनो यांचे नाव निर्विवाद आहे. त्यांच्याविषयीच्या तारखा तशा नाहीत. आपला जन्म १८९२ मध्ये काळ्या समुद्रातील जहाजावर झाला असे ते सांगत. पुढे सापडलेल्या नोंदीनुसार तो १८८९ मध्ये बुखारेस्ट येथे झाला. मनोनाट्याची जन्मवेळही त्यांनी स्वतःच दिली आहे: १ एप्रिल १९२१, संध्याकाळी ७ ते १०, व्हिएन्नातील एक नाट्यगृह. महायुद्धात राजा गमावलेल्या शहरात त्यांनी रंगमंचावर एक रिकामे सिंहासन ठेवले आणि प्रेक्षकांतील ज्याला राज्य चालवता येईल त्याने त्यावर येऊन बसावे, असे आवाहन केले. कोणीही कसोटीला उतरले नाही. हा वृत्तांत मुख्यतः मोरेनो यांच्याच लेखनावर आधारलेला असल्यामुळे त्या संध्याकाळकडे प्रतीक म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. पद्धती म्हणून मनोनाट्याची घडण १९२२ च्या सुमारास त्यांनी चालवलेल्या, संहितेवाचून आयत्या वेळी नाटक रचणाऱ्या उत्स्फूर्त रंगभूमीत झाली असावी.

त्या रंगभूमीवरील बार्बरा या अभिनेत्रीची हकिकत सर्वत्र उद्धृत होते. रंगमंचावर सोज्वळ भूमिका करणारी बार्बरा घरी अतिशय आक्रमक वागते, अशी तक्रार तिचा नवरा जॉर्ज याने केली. मोरेनो यांनी तिला भांडखोर, उग्र भूमिका द्यायला सुरुवात केली. घरातील संताप ओसरला आणि पुढे दोघे मिळून आपल्या संसारातले प्रसंग रंगमंचावर करू लागले. मोरेनो यांच्या कथनाचा शेवट गोड आहे. चरित्रकारांच्या नोंदींनुसार मात्र हे लग्न टिकले नाही व जॉर्जने पुढे आत्महत्या केली. ही दुसरी बाजू गाळून पहिली सांगणे योग्य नव्हे. मोरेनो १९२५ मध्ये अमेरिकेत गेले, १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे त्यांनी रुग्णालय व मनोनाट्याचा रंगमंच उभारला आणि १९७४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

उपचार घडतो तो कशामुळे, या प्रश्नाचे रूढ उत्तर म्हणजे ‘कॅथार्सिस’. ॲरिस्टॉटलच्या या शब्दाचा अर्थ शुद्धी की वैद्यकीय रेच, हा वाद जुना आहे. जर्मन भाषापंडित याकोप बेर्नाइस यांनी १८५७ मध्ये वैद्यकीय अर्थाचा जोरदार पुरस्कार केला. त्यांची पुतणी मार्था हिचे पुढे फ्रॉइड यांच्याशी लग्न झाले आणि ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ मधील ग्रंथातून हा शब्द मनोविकारशास्त्रात स्थिरावला. मराठी समीक्षेत ‘विरेचन’ हा प्रतिशब्द रूढ झाला. तो पंचकर्मांतील असल्यामुळे साचलेले बाहेर पडले की प्रकृती सुधारते, हे चित्र आपल्याकडे शब्दाबरोबरच आले. उपचाराच्या दृष्टीने ते अपुरे आहे. नुसते रडवणे किंवा ओरडायला लावणे म्हणजे उपचार नव्हे. आघात सोसलेल्या व्यक्तीला त्याने इजाही होऊ शकते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ थॉमस शेफ यांनी १९७९ मध्ये मांडलेली अंतराची कल्पना येथे अधिक उपयोगी पडते: प्रसंग फार जवळ आला तर माणूस त्यात बुडतो, फार लांब राहिला तर कोरडा राहतो, अनुभवणे आणि पाहणे एकाच वेळी साधले तरच तो दुःख हाताळू शकतो. अमेरिकन नाट्योपचारक रॉबर्ट लँडी यांनी हा विचार नाट्योपचारात आणला. संस्कृत रसविचारातील साधारणीकरणाची, म्हणजे पात्राची भावना व्यक्तिगत न राहता सर्वांची होण्याची, चर्चा परिचित असलेल्या वाचकाला तो परका वाटणार नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातही दुःखार्त, श्रमार्त व शोकार्त माणसांना नाट्य ‘विश्रांती’ देईल असे म्हटले आहे. शब्द विश्रांतीचा आहे, रेचाचा नाही. मात्र तेवढ्यावरून नाट्यशास्त्राला उपचारग्रंथ म्हणता येत नाही. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून सासूची गाऱ्हाणी चारचौघांत, तिच्यादेखतही म्हटली जातात. तेथे हेच अंतर काम करते: गाऱ्हाणे गाण्यातल्या सुनेचे असते, म्हणणारीचे नसते.

मनोनाट्यात नायक (ज्याचा प्रसंग घेतला जातो ती व्यक्ती), दिग्दर्शक (म्हणजे उपचारक), सहायक पात्रे, समूह व रंगमंच ही पाच अंगे मानतात. भूमिकांची अदलाबदल हे त्याचे मुख्य तंत्र. रिकाम्या खुर्चीत वारलेले वडील बसले आहेत असे मानून मुलगा बोलतो आणि मग उठून स्वतः त्या खुर्चीत बसतो. वडिलांच्या जागेवरून, वडिलांच्या आवाजात त्याला मघाच्या स्वतःलाच उत्तर द्यायचे असते. पुष्कळदा त्या क्षणी पाठीचा बाक, हातांची ठेवण आधी बदलते आणि शब्द नंतर येतात. शेवटी समूहाने सल्ला द्यायचा नाही, आपापल्या आयुष्यातले काय आठवले तेवढेच सांगायचे, हा नियम कटाक्षाने पाळतात.

हालचालीच्या बाजूचा इतिहास अधिक सरळ आहे. नर्तकी मॅरियन चेस यांनी १९४२ पासून वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात रुग्णांबरोबर काम सुरू केले. मनोनाट्याचा रंगमंच तेथे त्याच्या आदल्या वर्षीच आला होता. कोपऱ्यात डुलत बसलेल्या, अबोल रुग्णासमोर जाऊन चेस त्याच लयीत डुलू लागत. नक्कल न वाटता सोबत वाटावी इतकी ती लय जुळली की मग ती किंचित बदलायची आणि रुग्ण मागे येतो का ते पाहायचे. अमेरिकन नृत्योपचार संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली.

दोन्ही बाजू एकत्र आणणारी सेसमी पद्धती मॅरियन लिंडक्विस्ट यांनी १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केली. स्लेड यांचा बालनाट्यविचार, नृत्यविचारक रुडॉल्फ लाबान यांचे गतिविश्लेषण व स्विस मनोविश्लेषक युंग यांचे मानसशास्त्र हे तिचे आधार. तिची वाट आडवळणाची आहे: दुखऱ्या प्रसंगाला थेट हात न घालता पुराणकथा किंवा लोककथा घ्यायची. सत्र अंग मोकळे करण्यापासून सुरू होते. पुढे गोष्ट सांगितली जाते व ज्याने त्याने भूमिका निवडायची. ती राजाचीच असावी असे नाही. कोणी दार होतो, कोणी पूल, कोणी पाऊस. हा पाऊस का निवडला, असे उपचारक सहसा विचारत नाही. अखेरीस भूमिका उतरवावी लागते: हातपाय झटकायचे, स्वतःचे नाव मोठ्याने घ्यायचे, खोलीतल्या वस्तू पाहायच्या. हा भाग घाईने उरकणे ही गंभीर चूक होय.

परिणामकारकतेचा पुरावा अजून तोकडा आहे. छिन्नमनस्कतेवरील (स्किझोफ्रेनिया) नाट्योपचाराच्या २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा) पाच अभ्यास व २१० रुग्ण होते, तर नैराश्यावरील नृत्योपचाराच्या २०१५ च्या आढाव्यात तीन अभ्यास व १४७ व्यक्ती. दोन्हींतून ठाम निष्कर्ष निघाला नाही. म्हणून औषधे किंवा समुपदेशन थांबवून ही पद्धती घेणे इष्ट नाही. ती त्यांच्या जोडीने घ्यावी.

भारतात त्रिपुरा कश्यप यांनी नृत्य-हालचाल उपचाराचा पाया घातला. सोहिनी चक्रवर्ती यांची कोलकात्यातील ‘संवेद’ ही संस्था २००४ पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुली व स्त्रियांबरोबर काम करते आणि तिच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालवला गेला. मुंबईतच कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाळा’ संस्थेने विशेष मुलांच्या शिक्षणात नाट्याचा वापर रुजवला. तिचे काम उपचारापेक्षा शिक्षणाच्या अंगाने जाणारे आहे.