किआंती की क्रेते सेनेसी? सिएनाच्या दोन बाजूंचे रस्ते

टस्कनीतल्या सायकल सहलींच्या जाहिरातीत एक फोटो हमखास असतो. उघड्या, गोलसर, हिरव्या टेकड्या, मधोमध एखादं दगडी घर, त्याच्याकडे जाणारी सायप्रसची रांग आणि खाली नाव ‘किआंती’. पण फोटोतला भाग पुष्कळदा सिएना शहराच्या दक्षिणेचा, म्हणजे क्रेते सेनेसीचा किंवा त्याच्याही खालच्या ओर्चा खोऱ्याचा असतो. किआंती सिएनाच्या उत्तरेला, थेट फ्लॉरेन्सच्या दिशेने पसरलेला आहे आणि तो असा दिसत नाही. तिथे जंगल आहे.

हा गोंधळ व्हायला वाइनचाही हातभार आहे. 1716 मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने फर्मान काढून किआंतीच्या सीमा आखून दिल्या. पुढे 1932 मध्ये वाइनसाठी हे नाव वापरायचं क्षेत्र खूपच वाढवण्यात आलं आणि सिएनाच्या दक्षिणेकडच्या टेकड्याही त्यात आल्या. त्यामुळे बाटलीवरचा किआंती आणि नकाशावरचा किआंती यांच्यात बरंच अंतर आहे. सायकलवाल्याला नकाशावरचा हवा. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधला, ग्रेवे, पान्झानो, कास्तेल्लिना, राद्दा, गायोले या गावांचा.

दोन्ही भागांतला सगळा फरक जमिनीतून येतो. किआंतीखाली खडक आहे, ठिसूळ पापुद्र्यांचा गालेस्त्रो आणि कठीण चुनखडीचा अल्बेरेझे. अशा जमिनीत द्राक्षवेल, ऑलिव्ह, ओक आणि चेस्टनट वाढतात. किआंती क्लासिकोचं, म्हणजे फ्लॉरेन्स-सिएनामधल्या याच पट्ट्यातल्या वाइनचं, क्षेत्र सुमारे 70 हजार हेक्टर आहे, त्यात द्राक्षमळे सुमारे 10 हजार हेक्टरवरच आहेत. उरलेल्या भागात मुख्यतः रान आहे. क्रेतेखाली मात्र चिकणमाती आहे. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साठलेला हा करडा गाळ. त्यात झाड धरत नाही, गहू येतो आणि मेंढरांना चारा मिळतो. पावसाने माती धुपून मध्येच पांढुरके, बोडके उंचवटे तयार होतात, त्यांना तिथे ‘ब्यांकाने’ म्हणतात. त्यांतले कितीतरी उंचवटे गेल्या शतकात बुलडोझर लावून शेतीसाठी सपाट केले गेले. जे उरलेत ते मोंते सांते मारीये आणि लेओनीनाच्या आसपास बघायला मिळतात.

आता याचा पायांवर काय परिणाम होतो ते पाहू. किआंतीत गावं डोंगराच्या माथ्यावर आणि ओढे खोल दरीत. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर उतरून दरी ओलांडायची आणि पुन्हा चढायचं. हे चढ लांब पण समजूतदार असतात. ग्रेवे सुमारे 236 मीटरवर, पान्झानो 500 च्या आसपास, म्हणजे सहा-सात किलोमीटरमध्ये अडीचशे-पावणेतीनशे मीटर. गायोलेहून बादिया आ कोल्तिबुओनोच्या जुन्या मठाकडे जाणारा चढही याच जातीचा. एक गिअर धरायचा, श्वास बसवायचा आणि वळणावळणाने वर जायचं. बराचसा चढ झाडांच्या सावलीतून जातो, आणि जूनमधल्या दुपारी त्या सावलीची किंमत कळते.

क्रेतेत मोठा डोंगरच नाही. अश्यानो गाव 200 मीटरवर आहे, मोंते ओलिव्हेतोच्या मठावरचं क्युझुरे हे उंचावरचं खेडंसुद्धा 400 मीटरच्या आतबाहेर. आकडे बघून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच चुकतो. इथले चढ अर्धा-एक किलोमीटरचे, पण सरळ अंगावर येणारे. एक संपला की उतार, उताराच्या तळाशी लगेच पुढचा. लय कधी लागतच नाही. शिवाय रस्ता टेकडीच्या धारेवरून जात असल्याने वारा आडवा लागतो आणि आडोसा कुठेही नसतो. दिवसाअखेर दोन्हीकडची चढाई सारखी भरली, तरी क्रेतेतला दिवस जास्त थकवतो, असं माझं ठाम मत आहे.

शांततेच्या बाबतीत दोघांचा हिशेब उलटा आहे. किआंतीमधून जाणारा प्रसिद्ध रस्ता म्हणजे एसआर 222, ‘किआंतिज्याना’. नावाला भुलून सगळे त्याच रस्त्याने जातात, गाड्या, मोटरसायकली, पर्यटकांच्या बस. रस्ता सुंदर आहे यात शंका नाही, पण निवांत नाही. निवांतपणा हवा तर पूर्वेकडे सरकायचं. राद्दाहून व्होल्पाया, राद्दाहून गायोले, गायोलेहून ब्रोलिओच्या किल्ल्यावरून सान गुझ्मेकडे. हे छोटे रस्ते इतके जागोजाग आहेत याचं कारण जुनी अर्धेलीची शेतपद्धत. प्रत्येक कुळाचं घर त्याच्या शेतातच असायचं आणि प्रत्येक घरापर्यंत एक कच्ची वाट जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळं शहरांकडे गेली, घरं ओस पडली, पुढे त्यांतली पुष्कळ पर्यटकांसाठी सजली, पण वाटा राहिल्या.

क्रेतेत शांतता शोधावी लागत नाही. सिएनाच्या बाहेर ताव्हेर्ने द’आर्बिया सोडलं की लाउरेताना रस्ता, म्हणजे एसपी 438, धारेवरून अश्यानोकडे निघतो. वीस-पंचवीस किलोमीटरच्या या पट्ट्यात लांबवर नजर जाते आणि गाडी अधूनमधून भेटते. माझ्या मते डांबरावर सायकल चालवण्यासाठी टस्कनीतला हा सर्वांत सुंदर रस्ता आहे. पुढे अश्यानोहून क्युझुरेमार्गे मोंते ओलिव्हेतो माज्जोरेला जावं. 1313 मध्ये स्थापन झालेला हा मठ, आत सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांची भित्तिचित्रं. सायकल बाहेर लावून एक तास तिथे द्यायलाच हवा.

पण या शांततेबरोबर रिकामपणही येतो. गावं विरळ, दुकानं दुपारी बंद, नळ कुठे सापडेल त्याचा भरवसा नाही. दोन मोठ्या बाटल्या घेतल्याशिवाय क्रेतेत निघू नये. गावाबाहेरच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो, हे तिथल्या सायकलवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. फक्त ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी दिसली तर ते पाणी प्यायचं नाही. मेंढ्यांचे कळप दिसले की राखणीचे कुत्रेही जवळपास आहेत असं धरून चालावं आणि वेग कमी करावा.

दोन्हीकडे ‘स्त्रादे ब्यांके’ आहेत, पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते, आणि इथे आणखी एक गल्लत होते. ‘लेरोइका’ आणि ‘स्त्रादे ब्यांके’ ही एकच शर्यत समजली जाते. लेरोइका 1997 मध्ये गायोलेत सुरू झाली, जुन्या लोखंडी सायकलींवर, हौशी लोकांसाठी, हे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत या हेतूने. तिथे स्पर्धा नाही. ‘स्त्रादे ब्यांके’ ही तिच्यातूनच 2007 मध्ये निघालेली व्यावसायिक शर्यत, जी सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पोवर संपते. तिचा मोंते सांते मारीये हा 11.5 किलोमीटरचा कच्चा टप्पा क्रेतेत आहे. तीन वेळा जिंकलेल्या फाबियान कान्चेलाराच्या नावाने तो ओळखला जातो. लेरोइकाचा 209 किलोमीटरचा मार्ग मात्र वर्षभर खुला असतो. तपकिरी पाट्या बघत गायोलेहून निघालं की किआंती, सिएना, मोंताल्चिनो, अश्यानो असा दोन्ही प्रदेशांतून फेरा होतो. तो एका दिवसात संपवायचा हट्ट कशाला? तीन दिवस घ्यावेत.

खडीतही फरक आहे. किआंतीतल्या कच्च्या रस्त्यावर पाऊस पडून गेला तरी पाणी निचरून जातं. क्रेतेत खडीखाली चिकणमाती असते, आणि जोराच्या पावसानंतर तिथे जाणं म्हणजे मराठवाड्यातल्या काळ्या रानात जुलै महिन्यात सायकल घालणं. माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. कोरड्या दिवशी 30 ते 32 मिलिमीटरचे टायर दोन्हीकडे पुरतात. ओल्या दिवशी क्रेतेत डांबर सोडू नये.

हंगामाचं गणितही वेगळं. क्रेते एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात बघावं, गहू हिरवा असताना. जाहिरातीतला रंग तेव्हाचा. जूनअखेर तो पिवळा पडतो, आणि कापणी-नांगरणीनंतर जमीन नुसती करडी. जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथे सायकल चालवणं धोक्याचंच. किआंती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुलतो, द्राक्षतोडणीच्या वेळी, फक्त तेव्हा अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टर असतात.

मुक्कामासाठी रेल्वे बघा. किआंतीच्या गावांमधून रेल्वे जातच नाही, त्यामुळे सिएना किंवा फ्लॉरेन्सहून पेडल मारतच यावं लागतं. सिएनाहून अश्यानोला मात्र लोहमार्ग आहे. सायकलचं चिन्ह असलेल्या प्रादेशिक गाडीत जादा तिकीट काढून सायकल चढवता येते, म्हणजे पाय संपले तर परतीची सोय आहे. दोन्ही भाग एकाच मुक्कामातून करायचे असतील तर कास्तेल्नुओव्हो बेरार्देंगा हे गाव सोयीचं. उत्तरेला चढलं की सान गुझ्मे आणि जंगल, दक्षिणेला उतरलं की मोकळी शेतं.

भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्या दिवशी अंगवळणी पाडायची, वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि निर्मनुष्य रस्त्यावर एखाद्या वळणानंतर माणूस नकळत डावीकडे जातो. डिसेंबर 2024 पासून तिथे सायकलला ओलांडताना गाडीने शक्य तिथे दीड मीटर अंतर ठेवायचं, असा नियम आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने गावाबाहेरच्या रस्त्यावर, आणि बोगद्यात केव्हाही, चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे; ते घडी करून मागच्या खिशात मावतं.