परफॉर्मन्स मोटारीसाठी इंजिन ऑइलची निवड

उंच आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला खूप फेऱ्या घेत पळणाऱ्या, टर्बोचार्जर असलेल्या किंवा अधूनमधून ट्रॅकवर नेल्या जाणाऱ्या मोटारीचे वंगण ठरवताना चार गोष्टी पाहतात : तेलाचा ग्रेड, मूळ तेलाचा प्रकार, त्यात मिसळलेली रसायने आणि मोटार बनवणाऱ्या कंपनीची मान्यता. डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ग्रेड छापलेला असतो आणि वादही त्यावरूनच होतात. पण आपल्या इंजिनात तेल प्रत्यक्ष किती तापते हे ठाऊक नसेल, तर ग्रेडच्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. निवडीची सुरुवात तापमानापासून करावी लागते.

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगवर टेकून फिरत नाही, तर तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. भर जोरात असताना हा थर काही ठिकाणी जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा उरतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. थर तुटला की धातू धातूला घासतो आणि मऊ बेअरिंग काही सेकंदांत खरवडले जाते. तेलाचे काम इथेच संपत नाही. पिस्टनच्या पोटावर फवारा मारून ते त्याची उष्णता ओढून घेते. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो, तोही याच तेलावर. शिवाय व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. म्हणून चुकीच्या ग्रेडमुळे नुसती झीज वाढते असे नाही. कधी कधी इंजिन वेळच्या वेळी प्रतिसाद देईनासे होते.

ग्रेडचा अर्थ

५डब्ल्यू-४० यातील डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या जे३०० या मानकाप्रमाणे पहिला आकडा थंडीतले वागणे सांगतो : ५डब्ल्यू तेलाची उणे ३० अंश सेल्सिअसला, तर ०डब्ल्यू तेलाची उणे ३५ अंशांना कसोटी घेतात. इंजिन सुरू करताना क्रँकशाफ्ट फिरू शकेल का, हे त्यातून ठरते; पंपाला तेल ओढता येईल का, हे त्याहूनही कमी तापमानाला वेगळे तपासतात. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या श्यानतेचा, म्हणजे घट्टपणाचा. ३० ग्रेडचे तेल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (हे श्यानतेचे एकक) दरम्यान असते, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३, ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ आणि ६० ग्रेडचे २१.९ ते २६.१.

यावरून एक गैरसमज हमखास होतो. ५डब्ल्यू-४० हे तेल थंडीत पातळ असते आणि तापले की घट्ट होते, असे अनेकांना वाटते. कोणतेही इंजिन ऑइल तापल्यावर पातळच होते. एखादे ५डब्ल्यू-४० तेल सकाळी २० अंशांना जेवढे घट्ट असते, त्याच्या साधारण पंधराव्या हिश्श्याइतकेच ते १०० अंशांना उरते. मल्टिग्रेड, म्हणजे असे दोन आकड्यांचा ग्रेड असलेल्या तेलाचे वैशिष्ट्य एवढेच की त्याचे पातळ होणे तुलनेने सावकाश असते. इंजिन सुरू करताक्षणी झडणारी पहिली झीज याच घट्टपणामुळे होते, म्हणून पहिला आकडा लहान असणे केवळ बर्फाळ प्रदेशातच कामाचे असते असे नाही.

तापमान आधी

रस्त्यावर सरळ चालणाऱ्या मोटारीचे तेल ९० ते ११० अंशांवर स्थिरावते. ट्रॅकवर पाच-सहा फेऱ्या दाबून मारल्या की ते १२० ते १४० पर्यंत चढू शकते, विशेषतः ऑइल कूलर नसेल तर. आता गणित पाहा. १४ सेंटिस्टोक्सचे ४० ग्रेडचे तेल १२० अंशांना साडेनऊवर उतरते. म्हणजे ३० ग्रेडचे तेल १०० अंशांना जसे असते तसे. १३० अंशांना ते आठच्याही खाली जाते, जे २० ग्रेडच्या आवाक्यातले आहे. तेल वीस अंश जास्त तापले की ढोबळमानाने एक ग्रेड खर्ची पडतो. ज्याच्या मोटारीचे तेल कधी ११० च्या वर गेलेच नाही, त्याने उगाच ५० ग्रेड भरून काही साधत नाही. आणि ज्याच्या गेजचा काटा १३० वर टेकतो, त्याने रोजच्या ग्रेडवर विसंबू नये. म्हणूनच ट्रॅकवर जाणाऱ्याने तेलाच्या डब्याआधी तेलाच्या तापमानाचा गेज बसवावा, असे मी आग्रहाने म्हणेन. बहुतेक मोटारींच्या डॅशबोर्डवर पाण्याचे तापमान दिसते, तेलाचे दिसत नाही. पाणी काही मिनिटांत ९० अंश गाठते, तेल मात्र बरेच मागे रेंगाळते. त्या मधल्या वेळात इंजिन ताणणे हा परफॉर्मन्स मोटारीवर होणारा सर्वांत सामान्य अत्याचार आहे.

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मोटारीत यावर एक सुंदर तोड होती. आरपीएमच्या तबकडीवर लाल पट्ट्याच्या अलीकडे छोट्या दिव्यांची ओळ असे. इंजिन थंड असताना ते पेटलेले असत आणि तेल तापत जाईल तसतसा एकेक दिवा विझत जाई. शेवटचा दिवा विझेपर्यंत ८,००० आरपीएमची वाट बंद. या मोटारीतल्या एस५४ इंजिनाला १०डब्ल्यू-६० तेल सांगितलेले होते, आणि इतके घट्ट तेल थंड असताना अरुंद फटींतून लवकर पोचत नाही, हे त्या दिव्यांमागचे कारण होते. पुढे एस६५ आणि एस८५ या इंजिनांनाही तोच ग्रेड होता. त्यांच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या झिजेची चर्चा जगभर झाली. फटी किती अरुंद, तेल किती घट्ट, यावरचे मतभेद अजून मिटलेले नाहीत. कंपनीने नंतरच्या टर्बो एम इंजिनांत मात्र पुन्हा बऱ्याच पातळ तेलांची वाट धरली.

घट्ट तेलाचा मोह

जास्त घट्ट म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत अर्धीच खरी आहे. घट्ट तेलाने प्रेशर गेजचा काटा वर जातो हे खरे. पण प्रेशर म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा. एका मर्यादेपुढे पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल बेअरिंगकडे न जाता परत फिरते. प्रेशर भरपूर दिसते, बेअरिंगला मिळणारे तेल मात्र घटते. प्रवाह घटला की बेअरिंगमधून उष्णताही कमी वाहून जाते, आणि घट्ट तेल स्वतःच्या अंतर्गत घर्षणाने आणखी तापते ते वेगळेच.

दुसऱ्या टोकाला इंधन वाचवण्यासाठी पातळ तेलांची निवड आहे. २०१२ च्या फोर्ड मस्टँग जीटीमधील पाच लिटरच्या व्ही८ इंजिनाला ५डब्ल्यू-२० सांगितले होते, तर त्याच घराण्यातले पण ट्रॅकसाठी घडवलेले बॉस ३०२ चे इंजिन ५डब्ल्यू-५० घेत असे. शेव्हरले कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीत रस्त्यासाठी ५डब्ल्यू-३० आणि ट्रॅकच्या दिवसासाठी १५डब्ल्यू-५० अशी सूचना होती. २०१९ पासून कंपनीने दोन्हींच्या जागी एकच ०डब्ल्यू-४० आणले. इंजिन तेच किंवा जवळजवळ तेच असताना वापर बदलला की तेल बदलते, हे या उदाहरणांतून स्वच्छ दिसते. मालकाच्या पुस्तिकेत एकाहून जास्त ग्रेड दिलेले असतील तर आपल्या वापराला जुळणारा निवडावा. एकच दिला असेल तर एक पायरी वर जाण्याआधी तेलाचे तापमान मोजलेले असावे, आणि दोन पायऱ्या वर जाण्याआधी इंजिनाच्या फटी माहीत असाव्यात.

डब्यावर न छापलेला आकडा

बेअरिंगमधला दाब आणि वेग यांच्या कैचीत सापडलेले तेल १०० अंशांच्या शांत चाचणीसारखे वागत नाही. म्हणून १५० अंशांना, तीव्र कातर ताण देऊन, म्हणजे तेलाचे थर एकमेकांवर वेगाने घसरवून, वेगळी श्यानता मोजतात. तिला एचटीएचएस म्हणतात. माझ्या मते ग्रेडपेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे. जे३०० नुसार ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, ०डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० यांना ३.५, तर ५० आणि ६० ग्रेडला ३.७ हवा असतो. गंमत अशी की डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेली दोन तेले सारखी नसतात. एसीईए या युरोपीय संघटनेच्या ए५/बी५ वर्गातले ५डब्ल्यू-३० हे २.९ ते ३.५ च्या दरम्यान असते; ए३/बी४ किंवा सी३ वर्गातले ५डब्ल्यू-३० मात्र किमान ३.५ चे असावे लागते. तापलेल्या इंजिनात हा फरक जवळजवळ एका ग्रेडएवढा आहे. हा आकडा तेलाच्या तांत्रिक माहितीपत्रकात सापडतो.

रुंद पल्ल्याच्या तेलांत, म्हणजे ५डब्ल्यू-५० सारख्यांत, श्यानता टिकवण्यासाठी लांबलचक पॉलिमर मिसळावे लागतात. गिअर, साखळी आणि बेअरिंग यांच्या चिमट्यात ते तुटतात आणि तेल कायमचे पातळ होत जाते. चांगल्या मूळ तेलावर बनलेले तेल कमी पॉलिमरमध्ये काम भागवते, म्हणून मूळ तेलाचा प्रश्न येतो.

मूळ तेल आणि रसायने

विमाने आणि शर्यतीच्या मोटारी पूर्वी एरंडेल तेलावर पळत. ते उष्णतेत धीर सोडत नसे आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळत नसे, पण चिकट रोगणासारखा थर मागे ठेवी. कॅस्ट्रॉल हे नाव या एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. आज एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या वर्गीकरणात मूळ तेलांचे पाच गट आहेत. तिसरा गट खनिज तेलावरच हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळतो, चौथा पीएओ म्हणजे रासायनिक जुळणीतून घडवलेला, आणि एस्टर नावाची संयुगे पाचव्यात येतात. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावर १९९० च्या दशकात अमेरिकेत तेल कंपन्यांचा मोठा वाद झाला आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात परीक्षण मंडळाने म्हणण्यास हरकत नाही असा कौल दिला. तेव्हापासून डब्यावरचा ‘फुल्ली सिंथेटिक’ हा शब्द मूळ तेलाबद्दल नेमके काहीच सांगत नाही. तिसऱ्या गटाची उत्तम तेले पुष्कळ आहेत, त्यामुळे शब्दापेक्षा मान्यता आणि चाचणीचे आकडे पाहावेत. त्यात नोआक नावाची चाचणी महत्त्वाची : २५० अंशांना तासाभरात किती टक्के तेल उडून जाते ते ती मोजते. उडालेले तेल इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या वाटेने परत येते आणि थेट इंजेक्शनच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर काळी काजळी धरते, कारण तिथे पेट्रोलचा फवारा धुवायला येत नाही.

रसायनांपैकी झिंक आणि फॉस्फरसचे झेडडीडीपी हे झीज रोखणारे जुने आणि खात्रीचे. सपाट टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणारे, कॅमवर घासत चालणारे भाग) जुन्या इंजिनांना ते भरपूर लागते. पण फॉस्फरस कॅटलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून एपीआय एसपी वर्गात ३० पर्यंतच्या ग्रेडांना त्याची मर्यादा आहे. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत आणखी एक संकट असते. कमी आरपीएमवर जोरात पाय दाबला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि पिस्टनची कड फुटू शकते. तेलातल्या कॅल्शियमचा याला हातभार लागतो आणि मॅग्नेशियम निरुपद्रवी ठरते, असे आढळल्यावर तेलांचे मिश्रण बदलले गेले. मे २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी वर्गात यासाठी स्वतंत्र चाचणी आहे. अशा इंजिनात जुन्या वर्गाचे तेल, मग ते कितीही महाग असो, घालू नये. धुराड्यात पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असेल तर राख कमी देणारे एसीईएच्या सी वर्गाचे तेल लागते.

मान्यता वाचताना एक शब्द नीट पाहावा. ‘पोर्शे ए४० मान्य’ आणि ‘पोर्शे ए४० साठी शिफारस’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कंपनीने तेल तपासून पत्र दिलेले असते, दुसरीत तेल विकणाऱ्याचे मत असते.

भरल्यानंतर

निव्वळ शर्यतीसाठी बनवलेली तेले रोजच्या मोटारीत घालण्याचा मोह टाळावा. काही तासांत तेल बदलायचे असल्याने त्यांत सफाई करणारी आणि आम्ल मारणारी रसायने कमी ठेवतात. महिनोन्महिने चालवल्यास ती थकतात.

ट्रॅकवरून आल्यावर मोटार सपाट जागी काही मिनिटे उभी ठेवावी आणि डिपस्टिक काढून पुसून पुन्हा पाहावी. तेल नाकाजवळ न्यावे. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, बोटांत चोळल्यावर ते पाण्यासारखे निसटत असेल, किंवा पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली असेल, तर सिलिंडरमधले इंधन तेलात उतरत आहे. थेट इंजेक्शनच्या इंजिनात आणि थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत हे विशेष होते. मग डब्यावर ४० असले तरी आत ३० किंवा त्याहून पातळ तेल फिरत असते. तेल काळे पडणे हा मात्र तेवढा दोष नव्हे, काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. शंका असेल तर वापरलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. त्यात श्यानता, मिसळलेले इंधन आणि लोखंड, तांबे, शिसे यांचे प्रमाण कळते. शिसे आणि तांबे एकत्र चढू लागले की बेअरिंगकडे पाहण्याची वेळ आलेली असते. एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. तीन-चार बदलांतला कल पाहावा.

पातळीही तितकीच महत्त्वाची. लांब वळणात तेल संपच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या परातीच्या एका बाजूला चढते आणि पंपाची नळी क्षणभर हवा ओढते. योग्य ग्रेडचे सर्वोत्तम तेलही त्या क्षणी उपयोगी पडत नाही. ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) नसलेल्या मोटारीत म्हणून ट्रॅकआधी तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेला टेकवून ठेवतात. खुणेच्या वर फार भरले तर क्रँकशाफ्ट त्यात बुडून तेलाचा फेस करतो, आणि फेसाचा थर बेअरिंगला पेलत नाही.