दुसरी पसंती

पसंतीक्रमाने होणाऱ्या मतदानात मतदार ज्या उमेदवारापुढे २ हा अंक लिहितो, त्याला मिळणारे राखीव मत. जागा एकच असेल तर पहिल्या मोजणीत कोणीही ठरलेला कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते, गाठला नाही, तरच ते उपयोगात येते. एरवी मतपत्रिकेवर असूनही ते न वाचता राहते. भारतात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद यांच्या निवडणुकांत ही पद्धत आहे. राष्ट्रपतिपदाचा निकाल पहिल्या मोजणीत न लागता पुढच्या पसंतीपर्यंत गेल्याची आजवर एकच नोंद आहे, ती १९६९ ची. विदर्भातील खेड्यापाड्यांतल्या मतदाराची या मताशी प्रत्यक्ष गाठ पडते ती विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत. राष्ट्रपतिपदासाठी त्याच्या वतीने आमदार आणि खासदार मत देतात.

संज्ञा : राज्यघटनेच्या अनुच्छेद ५५ मध्ये ‘एकल संक्रमणीय मतदान’ असा शब्दप्रयोग आहे. तो कायद्याच्या पुस्तकाबाहेर फारसा आढळत नाही. वऱ्हाडात ‘एक नंबर’ आणि ‘दोन नंबर’ हीच भाषा चालते. ‘एक नंबर तुमाले वाट्टे त्याले द्या सर, पन दोन नंबर तेवढा आपल्या मानसाले रायला पायजे’, अशा धर्तीची विनंती शिक्षक मतदारसंघाच्या प्रचारात ऐकू येते. ‘दोन नंबरचा’ या शब्दाला बाजारात दुसराही अर्थ असल्याने जाहीर सभेत मात्र वक्ते ‘दुसरी पसंती’ असेच म्हणतात.

‘दुसरी फेरी’ या शब्दाने बराच घोटाळा झाला आहे. मराठी वृत्तपत्रांत तो किमान तीन अर्थांनी येतो. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या मतदानात कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये पुन्हा मतदान होते. तेथे दुसरी फेरी म्हणजे मतदाराने दुसऱ्यांदा केंद्रावर जाणे. विधानसभेच्या मोजणीत टेबलांवर एका वेळी जितकी यंत्रे मोजली जातात ती एक फेरी, म्हणून ‘अठराव्या फेरीअखेर आघाडी’ असे मथळे येतात. पसंतीक्रमाच्या मोजणीत फेरी म्हणजे तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याचे गठ्ठे इतरांत वाटणे. १९६९ चा निकाल ‘दुसऱ्या फेरीत’ लागला असे सर्रास लिहिले जाते. काटेकोर पाहिले तर ते बरोबर नाही. मतदान एकदाच झाले होते आणि उमेदवार एकामागून एक बाद करत मोजणी अनेक टप्प्यांनी पुढे गेली होती. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत ‘दुसऱ्या पसंतीची मोजणी’ हा शब्दप्रयोग ग्राह्य धरला आहे.

उगम : ही कल्पना प्रथम कोणाला सुचली याविषयी एकवाक्यता नाही. इंग्रजी परंपरा टॉमस हेअर यांचे नाव पुढे करते. त्यांची पुस्तिका १८५७ ची, तर मुख्य ग्रंथ १८५९ चा. डॅनिश अभ्यासक कार्ल आंद्रे यांना मान देतात, कारण त्यांनी आखलेली तत्सम पद्धत डेन्मार्कमध्ये १८५५-५६ च्या सुमारास अमलातही आली होती. त्याहीपूर्वी, १८१९ ते १८२१ च्या दरम्यान, बर्मिंगहॅमचे शिक्षक टॉमस राइट हिल यांनी एका साहित्य-विज्ञान मंडळाच्या समितीसाठी मत पुढे सरकवण्याची रीत सुचवली होती. हेअर आणि आंद्रे यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा शोध लावला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. प्रसाराचे श्रेय मात्र हेअर यांच्याकडे जाते. निवडून येण्यासाठी किती मते लागतात हे ठरवणारे आजचे सूत्र हेन्री ड्रूप यांचे असून ते १८६८ च्या सुमाराचे आहे. एकूण वैध मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून भागायचे आणि आलेल्या भागाकारात एक मिळवायचा. जागा एकच असेल तर भाजक दोन होतो, म्हणून कोटा म्हणजे निम्मी मते अधिक एक.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. घटना या रीतीला ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ म्हणते. पण राष्ट्रपती एकच असतो आणि एका जागेचे प्रमाणात वाटप होत नाही. ही रीत प्रत्यक्षात पर्यायी मताची आहे, म्हणजे पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत पुढच्या पसंतीकडे जाते. राज्यसभेत अनेक जागा असल्याने विजयी उमेदवाराची जादा मतेही पुढे सरकतात. राष्ट्रपतिपदाला तो प्रश्नच उद्भवत नाही.

मोजणीची रीत : मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, बरोबरची खूणही करायची नसते. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवाराच्या नावापुढच्या चौकटीत अंक लिहायचा असतो. देवनागरी अंक चालतो, रोमनही चालतो. ‘एक’ असे अक्षरी लिहिले तर मत बाद. १ हा अंक कुठेच नसेल किंवा दोन ठिकाणी असेल, तरीही बाद. २ लिहिणे सक्तीचे नाही.

‘दोन नंबर दिला तर आपल्याच माणसाचे वजन कमी होते’ हा समज गावोगावी पक्का आहे आणि कार्यकर्तेही ‘फक्त एकच मारा’ असे सांगत तो पोसतात. तो चुकीचा आहे. पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर दुसऱ्या अंकाकडे पाहिलेच जात नाही. तो बाद झाला की त्याचा गठ्ठा उघडून प्रत्येक मतपत्रिकेवरचा २ पाहतात; ज्याला २ दिला तोही आधीच बाद झाला असेल तर ३ पाहतात. म्हणजे ‘दुसऱ्या पसंतीची मते’ म्हणून जाहीर होणाऱ्या आकड्यात काही मते तिसऱ्या-चौथ्या पसंतीचीही असू शकतात. पुढचा अंकच नसेल तर ते मत तिथेच थांबते.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक : ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ते मान्य नव्हते. यशवंतराव चव्हाणांचे मत मात्र रेड्डी यांच्या बाजूने पडले. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २० जुलैला गिरी यांनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून उभे राहण्याचा मार्ग मोकळा केला. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, अशा स्थितीत सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिपद सांभाळले. हिदायतुल्ला यांचे शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले, वकिलीही नागपुरात, आणि १९५४ ते १९५६ या काळात ते तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

तिसरे प्रमुख उमेदवार चिंतामणराव देशमुख. जन्माने कोकणातले, पण सनदी नोकरीची सुरुवात मध्यप्रांत आणि वऱ्हाडात झालेली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर; मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडल्यामुळे मराठी माणसाला ते परिचित होते. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी या दोन पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केली ती दुसऱ्या पसंतीसाठीच : पहिली देशमुखांना, दुसरी रेड्डींना. ही बोलणीच पक्षांतर्गत विरोधकांच्या हाती कोलीत ठरली. इंदिरा गांधी यांनी रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर सही केलेली असूनही सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले.

मतदान १६ ऑगस्टला झाले, मोजणी २० ऑगस्टला. रिंगणात पंधरा उमेदवार होते आणि त्यांपैकी पाच जणांना एकही मत पडले नाही. या निवडणुकीत आमदार-खासदाराचे एक मत अनेक मतांइतके धरतात, त्याला मूल्य म्हणतात. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७, म्हणजे कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. उरलेल्या सात जणांची मिळून ८,५०५. या सातांत ८३१ मूल्याची मते मिळवणारे पांडुरंग नथुजी राजभोज हेही होते. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, तेव्हा त्याचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले होते.

गिरी यांना कोट्यासाठी १६,६५४ कमी पडत होती. सर्वांना बाद करून झाल्यावर त्यांच्या खात्यात १८,५६२ ची भर पडली आणि ते ४,२०,०७७ वर पोहोचले. कोट्यापेक्षा फक्त १,९०८ अधिक. रेड्डी यांना याच टप्प्यांत ९१,८७९ मिळाली आणि ते ४,०५,४२७ वर थांबले. १०,८३३ मूल्याची मते पुढचा अंक नसल्याने कोणाकडेच गेली नाहीत.

‘गिरी दुसऱ्या पसंतीवर निवडून आले’ हे वाक्य या आकड्यांपुढे जपूनच वापरावे लागते. पहिल्या मोजणीत त्यांची आघाडी ८७,९६७ होती. दुसऱ्या पसंतीने ती १४,६५० वर आणली. बाद उमेदवारांच्या सरकलेल्या मतांतून गिरी यांना एक मिळाले, तर रेड्डी यांना जवळजवळ पाच. ठरल्याप्रमाणे देशमुखांची बहुतेक मते रेड्डींकडेच गेली असावीत. निजलिंगप्पांचा हिशेब फसला तो दुसऱ्या पसंतीत नव्हे, पहिल्या पसंतीत. काँग्रेसची मते आधीच फुटली होती. न सरकलेली सगळीच मते रेड्डी यांना मिळाली असती, तरी त्यांची बेरीज ४,१६,२६० झाली असती आणि निकाल बदलला नसता. काही लेखक सदसद्विवेकाच्या आवाहनाला, तर काही डाव्या आणि प्रादेशिक पक्षांच्या एकजुटीला निर्णायक मानतात. मतदान गुप्त असल्याने वाटा नेमका सांगता येत नाही; तरी दोन्ही कारणे पहिल्या पसंतीतच काम करून गेली एवढे निश्चित.

निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि पदावर असलेल्या राष्ट्रपतींनी स्वतः साक्ष दिली. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. हौशी उमेदवारांना आवर घालण्यासाठी १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत असा नियम आला; १९९७ मध्ये तो पन्नास, पन्नास आणि १५,००० असा कडक झाला. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले.

विदर्भातील मताचे मूल्य : आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून काढतात. महाराष्ट्रात ते १७५ आहे. मेळघाटच्या आमदाराचे १७५ आणि दक्षिण मुंबईतल्या आमदाराचेही १७५; मतदारसंघ केवढा, त्यात गावे किती, याला महत्त्व नाही. विदर्भाच्या ६२ जागांचे मिळून १०,८५० होते. मतपत्रिका आमदाराला गुलाबी, खासदाराला हिरवी. २००७ मध्ये अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभा पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा विरोधी आघाडीत असूनही शिवसेनेने मराठीपणाच्या मुद्द्यावर त्यांना मत दिले. निकाल पहिल्याच मोजणीत लागला.

पदवीधर व शिक्षक मतदारसंघ : अमरावती विभागात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. गेल्या वेळी मत दिले म्हणून यंदा नाव असेलच असे नाही. पदवीधराने नमुना १८ आणि शिक्षकाने नमुना १९ भरायचा. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांनाच मत आहे. गावातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे गुरुजी, ज्यांच्याकडे अख्खे गाव मतदारयादीचे काम घेऊन जाते, ते या यादीत नसतात. ते पदवीधर असले तर त्या दुसऱ्या मतदारसंघात त्यांना मत मिळते.

डिसेंबर २०२० मध्ये अमरावती शिक्षक मतदारसंघात पंचवीसहून अधिक उमेदवार होते. एवढ्या नावांत कोटा पहिल्या मोजणीत गाठणे अवघडच. तळापासून एकेकाला बाद करत मोजणी लांबली आणि अपक्ष किरण सरनाईक विजयी झाले. जानेवारी २०२३ च्या पदवीधर निवडणुकीत धीरज लिंगाडे आणि माजी राज्यमंत्री रणजीत पाटील यांच्यात चुरस झाली. २ फेब्रुवारीला सकाळी सुरू झालेली मोजणी रात्रभर चालून निकाल दुसऱ्या दिवशी लागला. बाद मतांची संख्या हजारांत होती. मतदार सगळे पदवीधर असूनही असे व्हावे याचे नवल वाटते. पण आयुष्यभर बटण दाबलेल्या हाताला अंक लिहिण्याची सवय नसते. दोन्ही वेळा पहिल्या मोजणीत पुढे असलेलाच शेवटी जिंकला, हे १९६९ शी जुळते.

अन्यत्र : श्रीलंकेत राष्ट्राध्यक्षाची निवड १९८२ पासून थेट मतदानाने होते आणि मतदार तीन पसंती देऊ शकतो. दुसऱ्या मोजणीची वेळ प्रथम आली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. अनुरा कुमार दिसानायके पहिल्या मोजणीत सुमारे ४२ टक्क्यांवर होते आणि तेच निवडून आले. फेरमतदानाच्या देशांत अंतर अनेकदा फार थोडे राहते : फ्रान्समध्ये १९७४ साली जिस्कार देस्तँ यांना ५०.८१ टक्के, ब्राझीलमध्ये २०२२ साली लुला यांना ५०.९० टक्के. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत मित्तराँ पुढे होते, जिंकले जिस्कार.

ग्रामपंचायतीत यातले काहीच नाही. तिथे दोघांची मते सारखी झाली तर पुन्हा मतदान होत नाही आणि दुसरी पसंतीही विचारली जात नाही. तहसील कार्यालयात दोन नावांच्या चिठ्ठ्या बरणीत टाकतात आणि एखाद्या लहान मुलाला एक उचलायला सांगतात. तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात.