रिस्पॉन्सिव्ह मेल आणि फ्लुइड मेल: दिसायला सारखे, वागायला वेगळे

ईमेलचं टेम्प्लेट विकणारे सगळे 'मोबाईलवर चालतंय' असं लिहितात आणि आपण तेवढ्यावर विश्वास ठेवून घेतो, पण त्याच्या आड दोन वेगवेगळ्या पद्धती असतात, एक रिस्पॉन्सिव्ह आणि दुसरी फ्लुइड, हिलाच काहीजण हायब्रिड म्हणतात. ब्राउझरची खिडकी बारीक करून बघितली तर दोन्ही सारख्याच आवळतात, म्हणून लोक एकच समजतात. फरक कळतो तो मेल पोचल्यावर, आणि तोही आपल्या नाही, समोरच्याच्या फोनवर.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बेळगावातली एखादी मल्टिस्टेट सोसायटी, सभासद शहापूर-वडगावपासून खानापूर, निपाणी आणि पलीकडं चंदगडपर्यंत. वार्षिक सभेची नोटीस मेलनं जाणार, डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी. कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी शेजारी पाहिजेत आणि फोनवर एकाखाली एक.

रिस्पॉन्सिव्हवाला काय करतो तर आधी 600 पिक्सेलचं पक्कं टेबल मारतो, त्यात 300-300 चे दोन कॉलम, आणि मग कोडच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, स्टाइल ब्लॉक (दिसण्याचे नियम एकत्र लिहायची जागा) टाकून मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणं लागू होणारा नियम, लिहितो की स्क्रीन 600 पेक्षा लहान असली तर दोन्ही कॉलम 100 टक्के रुंद कर. म्हणजे मूळ मांडणी कॉम्प्युटरची, फोनची मांडणी ही वरून दिलेली सूचना. मेल अ‍ॅपनं ती वाचली तर झकास दिसतंय. नाही वाचली तर फोनवर कॉम्प्युटरचीच मांडणी येते, अक्षरं बारीक होऊन जातात नाहीतर आडवं सरकवत वाचावं लागतंय.

फ्लुइडवाला उलटीकडनं सुरू करतो. बाहेरची रुंदी 100 टक्के, मॅक्स-विड्थ, म्हणजे जास्तीत जास्त रुंदी, 600. आत दोन डिव्ह, म्हणजे मजकुराचे डबे, दोन्ही इनलाइन-ब्लॉक, म्हणजे ओळीतल्या शब्दांसारखे शेजारी बसणारे, प्रत्येकी 100 टक्के रुंद पण मॅक्स-विड्थ 300. जागा असली तर शेजारी बसतात, नसली तर दुसरा आपोआप खाली उतरतो, कुणी सूचना द्यायची गरजच नाही. हे सगळं टॅगच्या आतच इनलाइन लिहिलेलं असतंय, त्यामुळे स्टाइल ब्लॉक कुणी कापून टाकला तरी मांडणी मोडत नाही.

आता म्हणाल, जीमेल तर 2016 पासून मीडिया क्वेरी वाचतंय, मग अडचण कुठं आहे? अडचण अशी की जीमेलच्या अ‍ॅपमध्ये जीमेलचाच अकाउंट असला तर ते वाचतंय, पण बाहेरचा अकाउंट आयमॅपनं (दुसऱ्या सर्व्हरवरचा मेल आपल्या अ‍ॅपमध्ये बघायची पद्धत) जोडला असला तर तेच अ‍ॅप स्टाइल ब्लॉक काढून टाकतंय. आणि उद्यमबागेतला किंवा मच्छेतला कारखानदार बघा, होस्टिंगबरोबर मिळालेला कंपनीच्या नावाचा मेल आणि फोनवर आयता असलेला जीमेल अ‍ॅप, दोन्ही जोडलं की काम चालू. तुम्ही पाठवलेला मेल तुमच्या जीमेलवर सुंदर दिसणार आणि त्याच्या जीमेलवर मोडका दिसणार, अ‍ॅप तेच असून. हे एकदा ध्यानात आलं की नुसत्या मीडिया क्वेरीच्या भरवशावर मेल पाठवावासा वाटत नाही.

पण फ्लुइड घेतलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक 2007 पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतंय, आणि त्याला मॅक्स-विड्थ कळतच नाही. तिथं फ्लुइड मेल अख्ख्या स्क्रीनभर पसरतो आणि कॉलम शेजारी बसायचं सोडून एकाखाली एक जातात. त्यासाठी एमएसओची कंडिशनल कॉमेंट, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठीची अट लावलेली कॉमेंट, घालून तिच्या आत 600 चं टेबल आणि 300-300 चे दोन सेल लिहायचे, याला घोस्ट टेबल म्हणतात, ते फक्त आउटलुक वाचतंय, बाकीच्यांना ती नुसती कॉमेंट. नवीन आउटलुक वेबच्या इंजिनवर चालतंय म्हणून तिथं हा त्रास नाही, पण क्लासिकला निदान 2029 पर्यंत सपोर्ट राहील असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलंय, तोवर घोस्ट टेबल काढायचा विचारसुद्धा करू नका.

दोन बारीक गोष्टी इथंच. डिव्हच्या मधली मोकळी जागासुद्धा एक अक्षर धरली जाते, आणि तेवढ्यानं 300 अधिक 300 हे 600 मध्ये मावत नाही, दुसरा कॉलम कॉम्प्युटरवरच खाली पडतो. म्हणून बाहेरच्या डब्याला फॉन्ट-साइझ शून्य द्यायचा आणि आतल्या मजकुराला परत 16. आणि कन्नड-मराठी मजकूर कधीच सारख्या लांबीचा होत नाही, तेव्हा दोन्ही कॉलमना आणि घोस्ट टेबलच्या सेललाही व्हर्टिकल-अलाइन टॉप द्या, म्हणजे मजकूर वरच्या कडेपासून सुरू होतो, नाहीतर कमी मजकुराचा कॉलम मधेच नाहीतर तळाला लोंबकळतो.

फ्लुइडचा तोटाही आहे. ताबा कमी. फोनवर अमुक लपव, तमुक मोठं कर हे त्याला जमत नाही, आणि स्क्रीन 480 च्या आसपास असली तर 300 चा कॉलम मध्ये आणि बाजूला रिकामी जागा असं दिसतंय. म्हणून मी तरी सांगाडा फ्लुइडचा करतो आणि मीडिया क्वेरी वरून घालतो, वाचणाऱ्याला जास्त चांगलं दिसेल, न वाचणाऱ्याचं काही अडणार नाही.

फोनवर एकाखाली एक झालं की डावीकडचं वर येतंय. म्हणजे आपल्या नोटिशीत मराठी सभासदाला आधी सगळी कन्नड नोटीस दिसणार, त्याला वाटेल मराठी पाठवलीच नाही. अगदी वर दोन्ही भाषांत एक ओळ घाला, 'मराठी मजकूर खाली आहे' अशी. क्लिक केल्यावर खाली नेणारी लिंक सगळ्या अ‍ॅपमध्ये चालत नाही, साधी ओळ चालते.

आणि हे दोन्ही पद्धतींना लागू आहे कारण टेम्प्लेट इंग्रजी धरून बनवलेली असतात: हेडिंगला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असतंय ते काढा, देवनागरीची शिरोरेघ तुटते. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, 'एक्झॅक्टली'वर (दिली तेवढीच पक्की) कमी ठेवली तर आउटलुकात वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, मराठीला फॉन्टच्या दीडपट तरी द्या. वेबफॉन्टच्या (नेटवरून उतरवायच्या फॉन्टच्या) मागं लागू नका, विंडोजचा निर्मला यूआय देवनागरी आणि कन्नड दोन्ही दाखवतोय. शिवाय जीमेल 102 केबीच्या पुढचा मेल कापतंय, यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) आपलं आणि कन्नडचं एकेक अक्षरचिन्ह 3 बाइट खातंय, आणि काही एडिटर 'म' च्या जागी म असं लिहितात ते 7 बाइट. दोन भाषांची लांब नोटीस असली तर हे आधी तपासा, कारण कापलं गेलं तर खालची, म्हणजे मराठीच जाणार.

तपासताना जीमेलचा एक अकाउंट, त्याच अ‍ॅपमध्ये आयमॅपनं जोडलेला कंपनीचा एक आणि क्लासिक आउटलुक असलेला ऑफिसचा एक कॉम्प्युटर, एवढ्या तिन्हीवर मेल बघितल्याशिवाय सभासदांच्या यादीला पाठवू नका.