शेजवलकर, त्र्यंबक शंकर

(२५ मे १८९५ – २८ नोव्हेंबर १९६३). मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक व प्राध्यापक. जन्म कशेळी (ता. राजापूर, जि. रत्नागिरी) येथे. एम्. ए.साठी लिहिलेला त्यांचा प्रबंध नाकारला गेला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांची संशोधक म्हणून घडण झाली. १९२९ ते १९३२ या काळात त्यांनी *प्रगति* हे साप्ताहिक चालविले. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते तेथे मराठ्यांच्या इतिहासाचे प्रपाठक झाले. १९५५ मध्ये निवृत्त.

*पानिपत : १७६१* (इंग्रजी, १९४६, पुढे मराठीत) हा त्यांचा सर्वाधिक चर्चिलेला ग्रंथ. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ निकराच्या लढाईसाठी बाहेर पडला, की अब्दालीची कोंडी फोडून यमुनाकाठाने दिल्लीकडे सरकण्यासाठी, हा वादाचा मुद्दा आहे. शेजवलकरांनी दुसरा पक्ष मांडला. त्यांच्या मते सैन्याची रचना ‘गोला’ची होती : कडेला तोफा, गारदी (कवायती पायदळ) व स्वार, आत बुणगे (बिनलढाऊ लोक) आणि बायकामुले. असा गोल पायदळाच्या चालीनेच पुढे सरकू शकतो. स्वारांनी जागा सोडली की कडेला खिंडार पडते. इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना रेटत असताना विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार रांग मोडून पुढे धावले आणि बंदुकांच्या माऱ्यात सापडून मागे फिरले. गोल फुटला तो येथे. गनिमी काव्यात मुरलेल्या सरदारांना कवायती शिस्त पचली नव्हती, हे यामागचे कारण. अन्नधान्य तुटलेल्या छावणीची स्थिती पाहता हा उलगडा अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र युद्धाचा बराचसा तपशील शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराजाच्या वृत्तांतातून येतो. तो प्रत्यक्षदर्शी असला, तरी त्याने ते लेखन सुमारे १७८० मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी केले. त्यामुळे हालचालींचा क्रम व वेळा बेतानेच स्वीकाराव्या लागतात.

मेणवली दप्तरातील (नाना फडणीसांच्या कागदपत्रांतील) पत्रांचे *नागपूर अफेअर्स* (२ खंड, १९५४ व १९५९) हे त्यांचे संपादन नागपूरकर भोसल्यांच्या अभ्यासकांना आजही टाळता येत नाही. *निजाम-पेशवे संबंध* (१९५९) हा त्यांचा आणखी एक ग्रंथ. संकल्पित शिवचरित्र मात्र अपुरे राहिले. त्याची प्रस्तावना, आराखडा व साधने *श्रीशिवछत्रपति* या नावाने १९६४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली व या ग्रंथाला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.