ओलेंडर आणि मेनोनाइट: एक कौल, एक पंथ

जुन्या मराठी कागदांत डचांना ‘वलंदेज’ म्हटलेलं सापडतं. पोर्तुगीजांचा ‘होलांदेश’ आपल्या जिभेवर घासून वलंदेज झाला. वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेला वलंदेज निदान डच कंपनीचा माणूस होता. पोलंडमध्ये ‘हॉलंडर’चा ‘ओलेंडर’ झाला, आणि पुढे हा शब्द डच माणसापासून इतका सुटला की ओलेंडर म्हणवणाऱ्याच्या खापरपणजोबानंही हॉलंडचं तोंड पाहिलेलं नसे.

त्यात आणखी एक नाव मिसळतं, मेनोनाइट. पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या काठानं जुनं लाकडी घर, पवनचक्की किंवा झाडीत हरवलेलं दफनस्थान दिसलं की कुणी म्हणतं हे डचांचं, कुणी म्हणतं मेनोनाइटांचं, कुणी म्हणतं ओलेंडरांचं. तिघंही एकच गोष्ट सांगतोय असं समजत असतात. खरं तर ‘डच’ म्हटलं की आपण मुलूख सांगतो, ‘मेनोनाइट’ म्हटलं की पंथ, आणि ‘ओलेंडर’ म्हटलं की जमीन कोणत्या अटींवर कसायला मिळाली ते. एकाच माणसाला तिन्ही नावं लागू पडू शकतात. बहुतेकांना एखादंच पडायचं.

गोंधळ सुरू झाला तो पाण्यामुळे. विस्तुला बाल्टिक समुद्राला मिळते तिथल्या त्रिभुज प्रदेशाला झुवावी म्हणतात. पोलंडमधली सगळ्यात सखल जमीन इथलीच, समुद्रसपाटीच्याही जवळपास दोन मीटर खाली. बांध फुटला की गावं पाण्यात. १५१९ ते १५२१ या काळात पोलंड आणि ट्यूटॉनिक सरदारांचा संघ यांच्यात युद्ध झालं, तेव्हा या पट्ट्यातली गावं ओस पडली. पाणी हटवून जमीन काढणारी माणसं हवी होती, आणि त्या कामात नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १५२७ मध्ये प्रशियाच्या ड्यूकनं पास्वेंकजवळ त्यांना वसवलं. त्या गावात तेराव्या शतकाच्या अखेरीसच डच येऊन राहिले होते, म्हणून जर्मनमध्ये त्याचं नाव ‘प्रॉयसिश हॉलंड’. १५४७ मध्ये ग्दान्स्क शहरानं नेदरलँड्समधल्या फ्रीसलँडच्या फिलिप एड्झेमा नावाच्या मध्यस्थामार्फत आपल्या ताब्यातल्या झुवावीत वसाहत करवून घेतली.

याच सुमारास नेदरलँड्समध्ये दुसरं काही पेटलं होतं. १५२५ मध्ये झुरिकला अशा एका पंथाची सुरुवात झाली, ज्याचं म्हणणं होतं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा करायचा नाही, समजत्या माणसानं तो आपणहून घ्यायचा. फ्रीसलँडमधल्या विटमार्सम गावचा मेनो सिमन्स हा कॅथलिक पाद्री १५३६ मध्ये चर्च सोडून या लोकांना मिळाला, आणि त्याच्या नावावरून हे मेनोनाइट. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही. त्या वेळच्या नेदरलँड्समध्ये दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणाऱ्याला देहदंड होता. साहजिकच हे लोक बाहेर पडले आणि बोटीनं ग्दान्स्ककडे आले. मेनो स्वतःही १५४९ च्या सुमारास इथल्या आपल्या माणसांना भेटून गेला.

म्हणजे अगदी पहिल्या पिढीत दोन्ही वर्तुळं बरीचशी एकमेकांवर पडली होती. दलदल उपसायला आलेला माणूस डच, पंथानं मेनोनाइट, आणि त्याला मिळालेला करार ओलेंडर. १५६२ मध्ये लोइत्झ नावाच्या सावकार घराण्यानं आजच्या नोव्ही द्वूर ग्दान्स्कीच्या आसपास वसवलेले लोक याच जातकुळीतले. पुढे तिन्ही गोष्टी सारख्याच मानल्या गेल्या त्या इथूनच.

आता तो करार. मला या सगळ्यात खरा रस त्याच्यातच वाटतो. ज्यांनी आपल्याकडचे कौलनामे वाचलेत त्यांना तो फार परका वाटणार नाही. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल द्यायचा, पहिली काही वर्षं सारा माफ ठेवायचा, मग हळूहळू वाढवायचा. आपण याला इस्तावा म्हणत आलो. ओलेंडरांनाही सुरुवातीची काही वर्षं खंड माफ असे. जमीन साधारण ३०–४० वर्षांच्या पट्ट्यानं मिळे, पुढे कायमचीही. पण दोन गोष्टी फार वेगळ्या होत्या. पहिली, ओलेंडर स्वतंत्र माणूस होता. भोवतालचा पोलिश शेतकरी जमीनदाराच्या शेतात आठवड्यातले कित्येक दिवस वेठीनं राबत असे आणि परवानगीशिवाय गाव सोडू शकत नसे. ओलेंडर रोख खंड भरायचा, वेठ करायचा नाही, आणि आपला हक्क विकून जाऊही शकायचा. दुसरी, करार एकेका कुळाशी नसून सगळ्या गावाशी असे. एकानं खंड थकवला तर बाकीच्यांनी भरायचा. बांधाचं काम सगळ्यांचं. गावचा पाटील वारसाहक्कानं येत नसे, गाव त्याला निवडून देई, बहुधा दरवर्षी.

या सामाईक जबाबदारीचं कारण काही उदात्त तत्त्वज्ञान नव्हतं. सखल जमिनीत एकाच्या वाट्याचा बांध फुटला की सगळ्यांच्या शेतात पाणी. गोव्यातल्या खाजन जमिनी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजवायला नको.

जमीनदारांनी हिशेब मांडला, तर वेठीच्या मजुरीपेक्षा रोख खंड परवडत होता. मग हा करार डच माणसाशिवायही देता येतो की! तिथून ओलेंडर हा शब्द लोकांचा उरला नाही, कराराचा झाला. सतराव्या-अठराव्या शतकांत पश्चिम पोलंडमधल्या व्येल्कोपोल्स्कात जंगल तोडून वसवलेल्या गावांनाही ओलेंडर गावं म्हणू लागले. तिथे ना समुद्र, ना दलदल, ना डच. वस्ती बहुतेक ल्यूथरपंथी जर्मनांची, काही ठिकाणी पोलिश. जर्मन बोलणाऱ्यांनी तर शब्दाची नवी व्युत्पत्तीच लावली. ‘हाउएन’ म्हणजे तोडणं, म्हणून झाडं तोडणारे ते ‘हाउलेंडर’. चुकीची खरी, पण त्यांच्या कामाला शोभणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्या पोलंडच्या हद्दीत अशी निदान १७०० गावं झाली. मूळ डच वस्तीची त्यांतली साधारण ३०० धरतात.

वॉर्सातली सास्का केंपा ही आजची महागडी वस्ती सुद्धा ओलेंडरांचीच. १६२८ मध्ये शहरानं विस्तुलाकाठची ती जमीन त्यांना पट्ट्यानं दिली. पुढे सॅक्सनीच्या घराण्यातल्या राजामुळे ‘सास्का’, म्हणजे सॅक्सन, हे नाव तिला चिकटलं, आणि ओलेंडर विस्मरणात गेले.

मेनोनाइटांचं उलटं झालं. ओलेंडर हा शब्द पसरत गेला, मेनोनाइट समाज आखडत गेला. पंथाबाहेर लग्न केलं की माणूस समाजाबाहेर. शपथ घ्यायची नाही, म्हणून ग्दान्स्कचं नागरिकत्व मिळणं अवघड, कारण नागरिक होताना शपथ लागे. म्हणून शहराच्या वेशीबाहेर, बिशपच्या जमिनीवर राहून धंदा करायचा. १५७३ च्या वॉर्सा कराराचं नाव घेऊन पोलंडच्या धर्मसहिष्णुतेचे गोडवे गातात, आणि ते अगदी खोटेही नाहीत. पण तो करार मुळात उमरावांनी उमरावांसाठी केलेला होता. मेनोनाइटांचं खरं संरक्षण बांध घालण्याच्या कसबानं केलं. १६४२ मध्ये राजा चौथा व्वादिस्वाव यानं त्यांना सनद दिली, तीही त्यांच्या वाडवडिलांनी दलदलीतून जमीन काढली याचा उल्लेख करूनच.

भाषेचंही असंच. प्रार्थनेत डच बराच काळ टिकली, पण घरात लवकरच विस्तुलाकाठची खालची जर्मन बोली आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रार्थनाही जर्मनमध्ये होऊ लागली. मेनोनाइटांची आजची प्लाउटडीच बोली डच नाही, ती झुवावीतलीच जर्मन आहे. डचपण दोघांचंही गेलं. ओलेंडरांकडे नुसतं नाव उरलं, मेनोनाइटांकडे धर्म उरला.

मग एखादं गाव पाहून ओळखायचं कसं? घरावरून ओळखू नये, हे आधी सांगतो. झुवावीत पुढच्या बाजूला खांबांवर उचललेला मजला असलेली देखणी घरं आहेत. त्यांना सर्रास ‘मेनोनाइट घरं’ म्हणतात. त्यांतली बरीच श्रीमंत ल्यूथरपंथी शेतकऱ्यांची होती. साधेपणा हा ज्यांचा धर्म, त्यांना असा डामडौल कितपत मानवला असता, हा प्रश्न उरतोच. नदीकाठच्या ओलेंडरांचं घर वेगळं. मातीच्या उंचवट्यावर लांबलचक एकच छप्पर, त्याखाली ओळीनं राहतं घर, गोठा, कोठार. राहता भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पुराचं पाणी गोठ्यातली घाण घरात न आणता पुढे वाहून नेतं. भोवती वाळुंजाची झाडं आणि डहाळ्यांचं कुंपण, पुराचा जोर मोडायला आणि गाळ अडवायला. या घरात मेनोनाइट राहत असेल किंवा ल्यूथरपंथी. घराला ते माहीत नसतं. चर्च थोडी मदत करतं. मनोरा, घंटा, वेदी असेल तर मेनोनाइट असण्याची शक्यता कमी. तोरुनजवळ व्येल्का न्येशाफ्का इथल्या खुल्या संग्रहालयाला मात्र ‘ओलेंडर’ हे नाव दिलंय, ‘मेनोनाइट’ नाही. बरोबर केलं.

एक तिसरा गट वाटेत येतो, तो बाजूला ठेवावा. ग्दान्स्कचं शस्त्रागार बांधणारा अँथनी व्हान ओब्बर्गन, वॉर्सात राजवाडे उभारणारा उट्रेख्टचा टिलमन व्हान गामेरेन हे नेदरलँड्सचे कारागीर आणि वास्तुविशारद. ते ना दलदलीत राहिले, ना खंड भरला. फक्त हार्लिंगनहून आलेला अ‍ॅडम वीबे सीमेवर उभा आहे. पाण्याचा इंजिनिअर, बहुधा मेनोनाइट. १६४४ मध्ये ग्दान्स्कच्या तटबंदीसाठी त्यानं दोरावरून टोपल्यांनी माती वाहून नेणारा रोपवे उभारला.

पोलंडच्या फाळण्यांनंतर दोघांच्या वाटा फुटल्या. १७७२ मध्ये झुवावीचा बहुतेक भाग प्रशियाकडे गेला. प्रशियाला सैनिक हवे होते. बाकी ओलेंडर प्रशियाची प्रजा झाले, संपलं. मेनोनाइटांची मात्र कोंडी झाली. १७८० मध्ये तडजोड निघाली: सैन्यातून सूट, पण त्याबदल्यात दरवर्षी ५००० थेलर (त्या वेळचं चांदीचं नाणं) हेउम्नोच्या सैनिकी शाळेला द्यायचे. शस्त्राला हात न लावणाऱ्यांनी सैनिकी शाळा पोसायची! १७८९ पासून नवी जमीन घेण्यावरही बंधनं आली, आणि वाढत्या कुटुंबांनी रशियाची वाट धरली, आजच्या युक्रेनमध्ये. तिथून त्यांची नातवंडं-पणतवंडं कॅनडात, मेक्सिकोत, पॅराग्वेत पोचली. जे विस्तुलाकाठीच राहिले ते, मेनोनाइट असोत की ल्यूथरपंथी ओलेंडर, १९४५ मध्ये ‘जर्मन’ म्हणून पळाले किंवा हाकलले गेले. दफनस्थानं ओस पडली ती तेव्हा.

काही ओलेंडर त्याआधीच फार दूर गेले होते. जुन्या पोलंडच्या पूर्वेकडच्या बुग नदीकाठच्या ल्यूथरपंथी ओलेंडरांतली काही कुटुंबं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी जमिनीच्या आशेनं सैबेरियात गेली आणि इर्कुत्स्क प्रांतात पिख्तिन्स्क गाव वसवलं. तिथे त्यांना आजही ‘गोलेंद्री’ म्हणतात. आडनावं जर्मन, बोलणं युक्रेनी-बेलारूसी वळणाचं, प्रार्थना पोलिशमध्ये. डच म्हणून त्यांच्याकडे आहे ते फक्त हे नाव.