गुळगुळीत चाक, गुळगुळीत रूळ

पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडली जात असताना, 'घाटातल्या चाकांना आतून दाते असतात, म्हणून गाडी घसरत नाही', अशी माहिती शेजारच्या आसनावरील एका गृहस्थांनी आपल्या नातवाला दिली. बोरघाटात असे दाते कोठेही नाहीत. तेथे लोखंडाचे गुळगुळीत चाक लोखंडाच्याच गुळगुळीत रुळावर केवळ घर्षणाच्या आधाराने चढते, आणि हे मनाला पटत नाही यात त्या गृहस्थांचा फारसा दोष नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील नामांकित अभियंत्यांनाही ते पटत नव्हते, आणि त्या शंकेचे उत्तर ज्या ठिकाणी पद्धतशीर प्रयोग करून काढले गेले तो टाइन नदीकाठचा कोळसामार्ग आज बंद आहे.

न्यूकॅसलच्या पश्चिमेला वायलम नावाचे गाव आहे. तेथील खाणीचा कोळसा सुमारे 8 किलोमीटरवरील लेमिंग्टनच्या धक्क्यापर्यंत घोड्यांच्या वाघिणींतून जाई आणि तेथून 'कील' नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जहाजांपर्यंत पोहोचे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे दाणावैरण महागली, तेव्हा खाणमालक ख्रिस्तोफर ब्लॅकेट घोड्याला पर्याय शोधू लागला. वाफेच्या इंजिनांचा अभियंता ट्रेव्हिथिक याच्या आराखड्यावरून 1805 साली गेट्सहेड येथे त्याच्यासाठी एक इंजिन तयारही झाले होते. परंतु वायलमचे रूळ तेव्हा लाकडाचे होते आणि त्यांना ते वजन पेलणारे नव्हते. पुढे 1808 मध्ये ब्लॅकेटने लाकूड काढून बिडाचे रूळ घातले.

इंजिन जड असावे की हलके, हा खरा पेच होता. चाकाची पकड दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: चाकावरचे वजन आणि घर्षणगुणांक. कोरड्या पोलादी रुळावर हा गुणांक साधारण 0.25 ते 0.35 असतो, ओल्या रुळावर तो 0.1 ते 0.2 पर्यंत येतो आणि चुरडलेल्या पानांचा थर बसला तर 0.05 च्याही खाली जातो. म्हणजे 8 टनांच्या इंजिनाला वाईट दिवशी 0.1 गुणांक मिळाला, तर ते 0.8 टन वजनाएवढा जोर लावू शकते. त्याहून अधिक वाफ सोडली तर चाक जागच्या जागी फिरते. सपाट मार्गावर वाघिणींचा रोध त्यांच्या वजनाच्या शंभराव्या भागाएवढा धरला, तर याच जोरावर इंजिनासकट 80 टन हलतात. पकड वाढवायची तर इंजिन जड करावे लागे, आणि जड इंजिनाखाली बिडाचे ठिसूळ रूळ तुटत.

लीड्सजवळील मिडलटन खाणीत जॉन ब्लेंकिन्सॉपने 1812 मध्ये रुळाच्या कडेला दाते बसवले आणि इंजिनाचे दातेरी चाक त्यांत अडकवले. इंजिन हलके ठेवूनही ओढ मिळावी यासाठी ती केलेली सोय होती, त्यामुळे या माणसाला घर्षण कळले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. विल्यम ब्रंटनने तर मागून पायांनी जमीन रेटणारे इंजिन बनवले. 1815 मध्ये त्याचा बॉयलर फुटून माणसे दगावली.

वायलमचा व्यवस्थापक विल्यम हेडली याने मात्र मोजमाप केले. त्याने एक चौकट चाकांवर उभी केली, तीवर माणसे चढवली आणि त्यांच्या हातांतल्या दांड्यांनी दातेरी चक्रांमार्फत ती चाके फिरतील अशी व्यवस्था केली. चौकटीवर लोखंडाचे वजन कमी-अधिक करीत, मागे एकेक वाघीण वाढवीत, चाक कोणत्या क्षणी घसरू लागते हे त्याने टिपले. प्रत्यक्ष इंजिन न बांधता इंजिनाबद्दलचा प्रश्न सोडवणारा हा प्रयोग मला त्याने पुढे बांधलेल्या इंजिनाहूनही देखणा वाटतो. 1813 साली हेडलीने पेटंट घेतले, आणि 1813-14 च्या सुमारास 'पफिंग बिली' धावू लागली. तिची सर्व चाके दातेरी चक्रांनी एकमेकांशी जोडलेली होती, कारण जे चाक यंत्राने फिरते त्याच्यावरचे वजनच पकडीच्या कामी येते.

हेडलीने गुळगुळीत चाकाची पकड 'शोधून काढली' असे सांगितले जाते, पण तो गौरव वाढवून सांगितलेला आहे. ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने 1804 मध्येच वेल्समधील पेनीडॅरन येथे गुळगुळीत चाकांवर 10 टन लोखंड ओढून दाखवले होते. हेडलीचे श्रेय मोजण्याचे आहे. रुळांचे दुखणे मात्र वायलमलाही चुकले नाही. तुटणारे रूळ वाचवण्यासाठी 1815 च्या सुमारास पफिंग बिलीला चारांऐवजी आठ चाके दिली गेली. वजन तेवढेच राहिले, त्यामुळे पकडही तेवढीच राहिली. प्रत्येक चाकाखालचा भार तेवढा निम्मा झाला. पुढे 1830 च्या सुमारास घडीव लोखंडाचे मजबूत रूळ आले, तेव्हा ती पुन्हा चार चाकांवर आली.

आता चाक आणि रूळ जेथे टेकतात ती जागा जवळून पाहू. आजच्या मालगाडीच्या इंजिनाच्या एका चाकावर सुमारे 10 टन भार असतो आणि तो साधारण अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर पडतो. या भाराखाली पोलाद किंचित दबते आणि दोन्ही पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना घट्ट भिडतात. गंमत अशी, की ओढणारे चाक कधीही 'न घसरता' चालत नाही. टेकलेल्या जागेच्या पुढच्या भागात ते चिकटून असते आणि मागच्या भागात सूक्ष्म प्रमाणात सरकत असते, त्यामुळे चाकाचा घेर प्रत्यक्ष कापलेल्या अंतरापेक्षा थोडा जास्त फिरतो. जोर वाढवावा तसा सरकणारा भाग वाढतो. हे सरकणे साधारण एक-दोन टक्क्यांवर असताना पकड कमाल असते, आणि ती सीमा ओलांडली की पकड घटू लागून चाक मोकाट फिरते. भारतीय रेल्वेचे मालगाड्या ओढणारे 123 टनांचे विद्युत इंजिन डब्ल्यूएजी-9 सुरुवातीला सुमारे 460 किलोन्यूटन जोर लावते, म्हणजे वजनाच्या जवळजवळ 38 टक्के. चाके फिरवणाऱ्या विद्युत मोटारींचा वेग क्षणोक्षणी सावरून चाकाला त्या सीमेच्या अलीकडे ठेवल्यामुळेच हे साधते.

बोरघाटाचा चढ 37 स 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर उंची वाढते. तेथे 1000 टनांची गाडी नुसती धरून ठेवायलाच 27 टन जोर लागतो, आणि ओलसर रुळावर 0.2 गुणांक धरल्यास 123 टनांच्या एका इंजिनाला 25 टनांच्याही आत थांबावे लागते. मागच्या बँकर इंजिनांचे कारण एवढेच आहे. मुसळधार पावसात रूळ धुऊन निघतो. खरी पंचाईत पहिल्या भुरभुरीत किंवा दवात होते, कारण तेव्हा गंज आणि पाणी मिळून बुळबुळीत लेप तयार होतो. अशा वेळी इंजिनाच्या पेटीतील कोरडी रेती चाकापुढे सोडतात आणि तिचे कण चाकाखाली चिरडून रुळात रुततात. काही इंजिनांना लिंबू-मिरचीही बांधलेली दिसते. तिने गुणांक वाढल्याचे ऐकिवात नाही, आणि लिंबाचा रस रुळावर सांडलाच तर तो घटेल.

वायलमच्या मार्गाने पुढे बरीच रूपे पाहिली. 1822 साली कील चालवणाऱ्यांनी संप केला तेव्हा पफिंग बिलीचे भावंड 'वायलम डिली' रुळांवरून उतरवून थेट एका कीलवर चढवले गेले, आणि ते इंजिन होड्या ओढू लागले. पफिंग बिली 1862 पर्यंत कामावर होती. आज ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे आणि डिली एडिनबरोला. जुन्या कोळसामार्गाच्या बऱ्याच भागावरून 1876 पर्यंत स्कॉट्सवूड-न्यूबर्न-वायलम ही शाखा पूर्ण झाली, आणि मार्च 1968 मध्ये नॉर्थ वायलमची प्रवासी वाहतूक थांबली. ज्या घरात 1781 साली रेल्वेचा प्रणेता जॉर्ज स्टीफन्सन जन्मला ते या मार्गाच्या अगदी कडेला आहे, आणि त्याच्यासमोरून आता सायकली जातात. सायकलीच्या रबराची पकड पोलादाच्या दुपटीहून अधिक असते. पण तिचा टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि फुगतो, त्यात शक्ती वाया जाते, आणि वाघिणींची रांग ओढण्याच्या कामाला ती पकड उपयोगी पडत नाही.